मोहिमेला दिलेला पाय

नाव : मुरारी लक्ष्मण शेवकरी. वय पस्तीसच्या आसपास. राहणार खराबवाडीच्या अलीकडे, चाकण. धंदा नोकरी. ओळखीची खूण : डावा पाय उजव्यापेक्षा बारीक व दोन बोटं आखूड. चालताना सदर इसम डावीकडे झुकतो व पुन्हा सरळ होतो. सदर पाय पोलिओ मोहिमेच्या काळात आरोग्य केंद्राच्या पथकासोबत फिरवण्यात येतो. त्याबद्दल मानधन देय नाही, चहा देय आहे. बालकास डोस पाजण्यास नकार देणाऱ्या कुटुंबांचे मतपरिवर्तन करणेकामी सदर पायाचा उपयोग उत्तम आढळून आलेला आहे.

असा कागद कुठल्याच फायलीत नाही. पण कुणाला करायची वेळ आली असती तर त्याने तो असाच केला असता, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं ठरलं नसतं. आरोग्य केंद्रातले लोक मुरारीला ‘प्रेरक व्यक्ती’ म्हणत. गावातले लोक त्याला लंगडा मुरारी म्हणत. मुरारी दोन्ही हाकांना ओ देई.

एरवी तो ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसे. काम सोपं होतं. पीस उचलायचा, गेजमध्ये घालायचा. नीट बसला तर हिरव्या डब्यात, अडकला तर लाल डब्यात. बसून करायचं काम म्हणून त्याला दिलेलं, आणि तो ते इतका मन लावून करी की सुपरवायझर नव्या पोरांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगे, असं करायचं. एकूण मुरारीचं आयुष्य लोकांनी त्याच्याकडे बोट दाखवण्यात चाललं होतं.

हे बोट दाखवणं सुरू झालं तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता. पोलिओचे डोस एकाच दिवशी सगळीकडे पाजायची मोहीम नवीनच निघालेली. गावात हिंदुराव नावाचे आरोग्यसेवक देवळाच्या ओट्यावर टेबल मांडून सकाळपासून बसले होते, आणि बाया लांबून बघत होत्या. दुपार झाली तरी दोन पोरांपलीकडे तिसरं आलं नव्हतं. एवढ्यात मुरारी लंगडत ओट्यापुढून चालला. हिंदुरावांनी त्याला उचलून खुर्चीवर बसवला, त्याची चड्डी वर सरकवली आणि बायांना म्हणाले, बघा, ह्याच्या आईने डोस पाजले नाहीत म्हणून हे असं झालं. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची गरजही वाटली नसावी. पाय समोर होता.

पाऊण तासात रांग लागली.

मुरारीची आई गवराबाई रानातून आली ती हे ऐकूनच. तिने पोराला तिन्ही डोस पाजले होते. कडेवर घेऊन, ओढा ओलांडून, उपकेंद्रावर नेऊन पाजले होते. तिसऱ्या डोसाच्या वेळी नर्सबाई जेवायला गेली होती तर ही दुपारभर पायरीवर बसून राहिली होती. नंतर दीडेक वर्षाचा असताना त्याला ताप आला, चाकणच्या एका डॉक्टरने कमरेत सुई दिली, ताप उतरला आणि पाय गेला. हे सगळं हिंदुरावांच्या तोंडावर सांगायचं म्हणून ती पदर खोचून ओट्याकडे निघाली आणि तिला रांग दिसली. ज्या बाया इतकी वर्षं तिच्या पोराकडे बघून हळहळत होत्या त्या आपापली पोरं काखेत मारून उभ्या होत्या. गवराबाई जरा वेळ थांबली, मग पोराला उचलून घरी घेऊन आली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, “ह्याच्या मोडल्या पायानं दुसऱ्यांची चार पोरं चालत असतील तर चालू दे. माझ्या नावाला काय हिरे लागल्यात?”

तिने ते एका दिवसापुरतं कबूल केलं होतं. पण सरकारी गोष्टींचं असं असतं की एकदा सुरू झाली की ती बंद करायला वेगळा आदेश लागतो, आणि तो कुणी काढत नाही. पुढच्या फेरीला हिंदुराव घरी येऊन मुरारीला घेऊन गेले. त्यांच्यानंतर आलेल्यांनी ही पद्धत पुढे चालवली. गवराबाई दर वेळी पोराला स्वच्छ आंघोळ घालून पाठवी. तो मोठा झाला, कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, दिव्या नावाची मुलगी झाली, आणि मोहीम आली की तो रजा टाकून पथकाबरोबर जाऊ लागला.

हल्ली पथकाची म्होरकी होती वर्षाली, त्या भागातली आशाताई. तिचं बोलणं पाठ झालेलं होतं. नकाराच्या घरी ती म्हणायची, हे आमचे मुरारीदादा, ह्यांच्या आईनं लहानपणी डोस दिला नाही. ‘आईनं’ ह्या शब्दाला मुरारी पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायचा. आधी घेतली तर लोकांना कळत नाही आणि नंतर घेतली तर परिणाम जातो, हे दोघांनी अनुभवाने ठरवलेलं होतं. दहातली आठ घरं तेवढ्यावर नमत.

मागच्या वर्षी गवराबाई वारली. दहाव्याला नदीवर बाया बसल्या होत्या. त्यांतली एक गवराबाईचे गुण सांगत होती. कष्टाळू होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात, दारी आलेला उपाशी गेला नाही. आणि शेवटी सुस्कारा सोडून म्हणाली, “एकच चुकलं बिचारीचं. पोराला डोस पाजला न्हाई.” बाकीच्या बायांनी माना हलवल्या. मुरारी चार हातांवर उभा होता. कावळा शिवायची वाट बघत होता. पिंडाला कावळा शिवला, लोक उठले, विषय संपला. मुरारीचा संपला नाही.

आणि त्यानंतरची पहिली मोहीम ह्या हिवाळ्यात आली.

मोहिमेची रीत अशी की रविवारी बूथ लागतात आणि पुढचे काही दिवस पथक घरोघर फिरतं. डोस पाजला की पोराच्या डाव्या करंगळीच्या नखाला शाई लावतात आणि घराच्या दाराला खडूने इंग्रजी अक्षर काढतात. घरातली पाच वर्षांखालची सगळी पोरं झाली असतील, किंवा तसं पोरच नसेल, तर पी. पोर राहिलं, कुलूप निघालं किंवा नकार आला, तर एक्स. एक्सच्या घरी पुन्हा जायचं, आणि मुरारी बरोबर न्यायचा.

मंगळवारी दुपारी ते खंडूशेठच्या चाळीत गेले. खंडूशेठने जमीन कंपनीला विकून उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या वीस-बावीस खोल्या ओळीने बांधल्या होत्या, आणि मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली पोरं त्यांत भाड्याने राहत. दारांवर खडू ओढलेला त्याला आवडत नसे. भिंती खराब होतात म्हणे. नऊ नंबरच्या दारावर एक्स होता. तिथे समाधान राहायचा. परभणीकडचा, एका मोठ्या कंपनीत करारावर क्वालिटीला. बायको सोनल आणि वर्षाची ईश्वरी. समाधान रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. त्याने वर्षालीला आत बोलावलं, पाणी दिलं आणि नाही म्हणाला.

नकार उद्धट नव्हता. त्याच्या बहिणीच्या पोराला डोसानंतर ताप आला होता, एवढं एक. दुसरं म्हणजे मोबाइलवर आलेली बातमी : देशाच्या पार तिकडच्या टोकाला एका पोराला म्हणे लसीतल्याच विषाणूने पोलिओ झाला. वर्षालीने त्याला हातातल्या फोनवरून मान वर करायला लावली आणि ठरलेलं वाक्य सुरू केलं. हे आमचे मुरारीदादा, म्हणाली. ह्यांच्या आईनं, म्हणाली.

मुरारीचा हात पँटकडे गेला नाही.

वर्षालीला वाटलं त्याचं लक्ष नाही. तिने ‘आईनं’ पुन्हा म्हणून पाहिलं. सोनल पोरीला मांडीवर थोपटत होती, तिने मुरारीच्या पायाकडे बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, कशी आई असंल. वाईट हेतूने नाही, बाईमाणूस बोलतं तसं. समाधानने मात्र मुरारीकडे सरळ बघून विचारलं, “दादा, खरंच दिला नव्हता का तुमच्या आईनं?”

“दिला व्हता,” मुरारी म्हणाला. “तिन्ही टायमाला दिला व्हता.”

वर्षालीने डोळे मोठे केले, मग मिटले. समाधान म्हणाला, मग?

इथे कुणी दुसऱ्या गावचा माणूस असता तर नशीब म्हणाला असता. देवाची मर्जी म्हणाला असता. समाधानने ते मान्यही केलं असतं. परभणीत काय आणि चाकणला काय, नशिबापुढे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. पण मुरारीने दहा वर्षं लाल आणि हिरव्या डब्यांमध्ये काढली होती. चाकणच्या पट्ट्यात कुठलाही दोष पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे दहा लाख पीसमागे किती पीस खराब निघाले ते. कंपन्या हा आकडा गेटवर फळ्यावर लिहितात आणि तो कमी झाला की जिलेबी वाटतात. तेव्हा समोरचा माणूस क्वालिटीचा आहे हे पाहून मुरारीने, त्याला नीट समजावं म्हणून, अगदी चांगल्या मनाने सांगितलं की लाखो पोरं चांगली निघतात, एखादं राहून जातं. पीपीएम काढला तर काहीच नाही. मी त्यातला.

समाधानची झोप उडाली. आतापर्यंत डॉक्टर, ताई, मोबाइल, सगळे त्याच्याशी त्याला न येणाऱ्या भाषेत बोलत होते. हा पहिला माणूस त्याच्या धंद्यातलं बोलला.

“मग लॉट होल्ड केला का?” त्याने विचारलं.

मुरारीने वर्षालीकडे बघितलं.

“नाई, मी काय म्हणायलो, आमच्या लाइनला एक पीस खराब सापडला तर आम्ही अख्खा लॉट होल्ड करतो. रूट कॉज सापडल्याबिगर एक पीस गेटबाहेर सोडत नाई. तुमच्याकडं पण तसंच असंल ना?”

“व्हय.”

“तुमच्या पायाचं रूट कॉज काय निघालं?”

“न्हाई निघालं.”

“मग झालं की दादा,” समाधान म्हणाला. त्याने हे शांतपणे, एका तपासणीसाने दुसऱ्याला सांगावं तसं सांगितलं. “माझी पोरगी होल्डवर.”

वर्षालीने पुढे पुष्कळ सांगून पाहिलं. ते ऐकायला एव्हाना शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात जमली होती, आणि त्यांतलाही प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत होता. नकार हा शब्द त्यांना कधी पटला नसता. नकार अडाणी लोक देतात. होल्ड हा शब्द पटला. त्यात कुणाचा अपमान नाही, शहाणपण आहे, आणि तो कंपनीने शिकवलेला आहे. संध्याकाळपर्यंत चार नंबर, अकरा नंबर आणि कोपऱ्यातली खोली अशा तिघांनी आपापली पोरं होल्डवर टाकली. रविवारी डोस घेऊन शाई मिरवणाऱ्या पोरांच्या आयांनाही आता काही करता येईल का, असं एकीने विचारलं. रीकॉल, तिचा नवरा म्हणाला, आणि लोक हसले. मुरारी हसला नाही.

चाळीबाहेर आल्यावर वर्षाली स्कूटीला टेकून उभी राहिली. ती ओरडली नाही. तिने एवढंच म्हटलं की दादा, इतकी वर्षं बोललात, अजून एक दिवस खोटं बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं.

“आई गेली ना, ताई,” मुरारी म्हणाला.

तिने गळ्यातली लसीची पेटी सारखी केली आणि ती पुढच्या गल्लीला गेली. मुरारी तिच्या मागे गेला नाही. त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण ये असंही म्हटलं नव्हतं.

बुधवारी तो आपण होऊन आरोग्य केंद्रात गेला. डॉक्टर निरंजन हे तरुण होते, नव्याने आलेले, आणि त्यांच्यात एक दोष होता की विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर देत. मुरारीने विचारलं, डॉक्टरसाहेब, माझा पाय कशानं गेला?

डॉक्टरांनी पाय तपासला, तापाचं, सुईचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता कळायचा मार्ग नाही. तेव्हा शौचाचा नमुना तपासला असता तर कळलं असतं. त्या काळी तीन डोस म्हणजे पुरे असं धरत, पण आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना तीन डोस पुरत नसत. पोटात इतर जंतू, हगवण, कुठे बर्फ वितळून लसच उन्हाने खराब झालेली. म्हणून तर पुढे पुन्हा पुन्हा पाजायची मोहीम निघाली. बहुतेक मुरारीचं तेच झालं असावं : डोस गेले पण लागू पडले नाहीत, आणि गावात फिरणाऱ्या पोलिओने त्याला गाठलं. अंगात तो विषाणू असताना सुई टोचली तर पाय जायची शक्यता वाढते, तेही असेल. नुसत्या सुईनेही मज्जातंतूला इजा होते. आणि क्वचित, अगदीच क्वचित, लसीतला जिवंत विषाणूच उलटतो. ते खोटं नाही. म्हणून आता लसीतला एक प्रकार काढून टाकलाय आणि बाळांना थेंबांबरोबर मेलेल्या विषाणूची सुईही देतात.

“म्हंजी चार कारणं, आन पाय एक,” मुरारी म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, तसंच. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की तुम्ही खरं बोललात ह्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ह्यातलं खरं सांगायला मला आत्ता अर्धा तास लागला, आणि पथकाला एका दाराला पाच मिनिटं असतात. पाच मिनिटांत बसेल एवढं खरं कुणी मला लिहून दिलं तर मी ते बॅनरवर छापीन. तोवर तुम्ही दोन दिवस घरी राहा.

मुरारी घरी राहिला नाही. गुरुवारी पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांना साप्ताहिक सुटी असते. तो सकाळी उठला आणि एकटाच खंडूशेठच्या चाळीत गेला.

नऊ नंबरच्या दारात गॅसची शेगडी दोरीने बांधून ठेवलेली होती. गाद्यांची वळकटी झाली होती. समाधान पंखा सोडवत स्टुलावर उभा होता. त्याच्या कराराचे सात महिने भरले होते, कंपनीने ब्रेक म्हणून कामावरून कमी केलं होतं, आणि काळेवाडीला राहणाऱ्या त्याच्या मेहुण्याने तिकडे दुसरं काम बघितलं होतं. टेम्पो यायचा होता. ईश्वरी मोकळ्या फरशीवर रांगत होती. उंबरा ओलांडून ती बाहेरच्या मोरीकडे निघे, आणि सोनल तिला पाय धरून मागे ओढे. पोरीला हा खेळ वाटत होता.

मुरारी उंबऱ्यावर बसला. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला की भावा, तू परवा बोलला ते मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. तुझं क्वालिटीचं बरोबर हाय. पण एक चुकतंय.

“काय?”

“होल्डचा लॉट कुठं असतोय? गोडाऊनला. जाळीत. वर लाल टॅग. म्हयनाभर पडला तरी त्याला काय व्हत न्हाई, गंजू नये म्हनून वरनं तेल मारत्यात.” त्याने पोरीकडे बोट केलं. “ही गोडाऊनला हाय का? ही मोरीत चालली. तू हिला होल्डवर टाकली म्हंजी जागच्या जागी ठिवली न्हाई. बिनतपासणीची लाइनवर सोडली.”

समाधान स्टुलावरून उतरला. हातात पंख्याचं पातं तसंच.

मुरारीने मग डॉक्टरांचा अर्धा तास त्याला सांगितला. जमेल तसा, मधल्या काही गोष्टी विसरून, पण चारही कारणं सांगितली आणि चौथंही लपवलं नाही. एका गेजमधून निसटलेला पीस पुढच्या तपासणीत सापडावा म्हणून दोनदा-तीनदा तपासतात, तसे डोसही पुन्हा पुन्हा का देतात, हे सांगितलं. समाधान ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं.

“तुमच्या पोरीला दिला?”

“दर वेळी. मी सोता नेतो.”

“भ्या नाई वाटलं?”

“वाटतंय की,” मुरारी म्हणाला. “आजून वाटतंय. तोंडात थेंब पडंस्तोवर मी दुसरीकडं बघतो. पर माझ्या आईला तवा जेवडं हाती व्हतं तेवडं तिनं केलं. तिचं चुकलं न्हाई. मी तेच करतो.”

समाधानने पातं वळकटीवर ठेवलं. बोलली सोनल. ती पोरीला कडेवर घेऊन उठली आणि म्हणाली, ताईला बोलवा.

मुरारीने वर्षालीला फोन लावला. ती पेटी घेऊन पलीकडच्या वस्तीवर होती. निघते म्हणाली. तिच्या आवाजात दोन दिवसांनी पहिल्यांदा राग नव्हता. पण मधे तळेगाव चौक होता. कंपन्यांना गुरुवारी सुटी असते, कंटेनरना नसते. चौकात एक आडवा झाला होता आणि दुचाकीसुद्धा हलत नव्हती. तोवर टेम्पो आला. सामान चढलं. टेम्पोवाल्याला दुसरी फेरी होती. तो पहिल्यांदा हॉर्न वाजवून थांबला, मग इंजिन सुरू ठेवून थांबला, मग म्हणाला की यायचं असेल तर चला, नाहीतर सामान उतरवून घ्या. मुरारीने त्याला चहा पाजला. चहा संपला. वर्षालीचा फोन आला की ती स्कूटी सोडून पायी निघालीय.

समाधान मुरारीला म्हणाला, काळेवाडीत गेल्या गेल्या देतो, दादा. शब्द. सोनल पुढे बसली. पोर तिच्या मांडीवर होतं आणि काचेवर तळहात आपटत होतं. मुरारीने तिच्या डाव्या करंगळीकडे बघितलं. नख कोरं होतं.

मंगळवारी दारात लस होती आणि खरं अर्धं होतं. गुरुवारी खरं पुरं झालं आणि लस तळेगाव चौकात होती.

वर्षाली घामाघूम होऊन पोचली तेव्हा मुरारी त्या मोकळ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. आली तशी तिने चाळीतली बाकीची होल्डची घरं तरी उरकून घ्यायची ठरवलं. मुरारीने प्रत्येक दारात गोडाऊनचं पुन्हा सांगितलं, संध्याकाळी डॉक्टर निरंजनही येऊन कोपऱ्यातल्या खोलीत मांडी घालून बसले, आणि तिन्ही घरची पोरं झाली. त्यांच्या दारांवरचे एक्स पुसून पी निघाले. खंडूशेठ म्हणाला, आता तरी खडू पुरे करा.

समाधानचा फोन पहिले दोन दिवस वाजत राहिला. मग बंद लागू लागला. कराराची पोरं कंपनी बदलली की सिमही बदलतात, स्वस्त पडतं म्हणून. त्यात काही काळंबेरं असतंच असं नाही. काळेवाडी महापालिकेच्या हद्दीत, चाकण तिच्या बाहेर. डॉक्टरांनी तिकडच्या दवाखान्याला कळवलं. तिकडून उत्तर आलं की सदर बाब उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे पाठवली आहे. मुरारी पुढच्या गुरुवारी स्वतः काळेवाडीला गेला. परभणीकडचा समाधान म्हणून त्याने किराणाच्या दुकानात, सलूनमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी विचारलं. परभणीकडचे समाधान तिथे बरेच निघाले. हा नव्हता.

गावात मात्र बातमी पोचली. गवराबाईने पोराला डोस दिले होते, तिन्ही दिले होते, हे आता सगळ्यांना कळलं. मुरारीला वाटलं होतं की निदान एवढं तरी पदरात पडेल. महिन्याभराने कुणाच्या तरी बारशात नदीवरचीच ती बाई बाळाच्या आजीला सांगताना त्याने ऐकली. गवराबाई चांगली होती हो, म्हणाली, एकच चुकलं. कशाला एवढं तीन-तीन वेळा नेऊन पाजायचं. इतकी वर्षं न पाजल्याचा गुन्हा होता, तो माफ झाला आणि पाजल्याचा लागला. मुरारीने बाळाकडे बघितलं. ते झोपलं होतं आणि त्याच्या मुठी मिटलेल्या होत्या, त्यामुळे करंगळी दिसत नव्हती.

पुढच्या फेरीला त्याला बोलावणं आलं नाही. तो कामावर गेला. दुपारी जेवणाच्या सुटीत वर्षालीचा फोन आला. दादा, काही कळलं का, तिने विचारलं. न्हाई, तो म्हणाला. तुमाला? नाही, ती म्हणाली. तेवढ्यात भोंगा झाला.

मोहीम संपल्यावर केंद्राने जो अहवाल वर पाठवला त्यात खंडूशेठच्या चाळीचा वेगळा उल्लेख होता, कारण मागच्या फेरीत तिथे अडचण आली होती. प्रभावी समुपदेशनामुळे सदर वस्तीतील सर्व घरे ‘पी’ झाली असून नकाराचे एकही घर शिल्लक नाही, उद्दिष्ट शंभर टक्के साध्य, असं त्यात म्हटलं होतं.

नऊ नंबरच्या खोलीत आता लातूरकडची दोन पोरं राहतात. लग्न दोघांचंही व्हायचं आहे.